दुमडलेलं टोक

"शी! शी शी शी!" मत्रोनाने तेलाच्या नळीचं झाकण उघडलं आणि मान फिरवली.

झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट साका धरला होता. थंडीने त्याचा दगड झाला होता, तरी ओळखू येत होता. तिने चाकूने एक ढलपी काढली, हातमोजा उतरवला आणि ती तळहातावर धरली. बघता बघता ढलपी विरघळली, नासलेल्या सायीसारखा चिकटा हाताला लागला आणि वर तो आंबूस वास. चाळीस वर्षं बाई विमानांच्या पोटात हात घालत आली होती. काळ्या तेलात कोपरापर्यंत बरबटायला तिची कधी ना नव्हती. पण हा साका दिसला की तिला आतून ढवळून यायचं. तेलात पाणी! ज्याला विमानाची थोडी तरी चाड आहे त्याच्या इंजिनात हे दिसताच कामा नये.

"दर रविवारी दहा मिनिटं," ती इंजिनालाच म्हणाली. "दहा मिनिटं घरघर करायचं नि बंद करायचं. का? तर म्हणे तेल गोठायला नको. डोंबल तुझं!"

हे डोंबल होतं गाव्रीलचं. गाव्रील म्हणजे तिच्या गेलेल्या बहिणीचा, फेक्लाचा मुलगा, आणि गावातला एकुलता एक वैमानिक. गोष्ट किती साधी, पण त्याच्या टाळक्यात शिरेल तर शपथ. इंजिन चाललं की त्याच्या पोटात वाफ धरते. अर्धा तास आकाशात फिरवलं तर तेल चांगलं तापतं, वाफ निघून जाते. जमिनीवर दहा मिनिटं नुसतं घुमवलं तर तेल कोमट होतं, वाफेचं पाणी होऊन तिथेच बसतं, आणि मग हा असला लगदा. उडव तरी, नाहीतर हात लावू नकोस, असं तिने त्याला हात जोडून सांगितलं होतं. तो "हो मावशी" म्हणायचा. "हो मावशी" म्हणायला काय जातं!

तीन दिवसांपूर्वी याच विमानातून तो नदीच्या वरच्या अंगाच्या गावाहून फादर निकिफोरना घेऊन येत होता. आमचा नाताळ जुन्या पंचांगाचा, सात जानेवारीला. नाताळचा लाकडी तारा हातात घेऊन घरोघर गात फिरायचं तर पाद्री हवाच. थंडी शून्याखाली बेचाळीस. निम्म्या वाटेवर इंजिनाच्या नाकाशी असतं ते रबरी कडं फटकन उडालं, सगळं तेल भसाभसा बाहेर आलं आणि समोरची काच काळीठिक्कर झाली. गाव्रीलने बाजूच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विमान नदीवर उतरवलं. आमची कुस्कोक्विम दगडासारखी गोठलेली, म्हणून निभावलं. विमानाची एक स्की मोडली, फादरांचं हासळीचं हाड मोडलं. माणसांनी बर्फगाड्या जुंपून विमान ओढत आणलं आणि मत्रोनाच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढकललं.

आणि आज दुपारी शहरातून इन्स्पेक्टर लिंडक्विस्ट येणार होता. फोनवर म्हणाला होता, "शेड तापवू नका, काही काढू नका. बर्फ वितळला तर पुरावा गेला. पण तुम्ही बघून ठेवा, मला तुमचं मत लागेल." मत म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक होतं नि तिलाही. दोष वैमानिकाचा, असं तिने लिहिलं की गाव्रीलचं लायसन गेलं. आणि गाव्रीलला उडण्यापलीकडे दुसरं काही म्हणता काही येत नव्हतं. मासे वाळवायला घातले तर त्यात अळ्या पडतात, मूस हरीण मारायला गेला तर हरणं हसतात. लायसन गेलं की एकोणतीस वर्षांचा हा घोडा घरात बसणार, आणि मग अलास्कातल्या गावागावात घरी बसलेले पुरुष जे करतात तेच करणार. बाटली.

तरीही ती तेच लिहिणार होती. सकाळपासून मनात वाक्यंसुद्धा जुळवून झाली होती.

तिला स्वच्छतेचं वेड आहे असं गावात बोललं जायचं. वेड कसलं! ज्यांची लहानपणं तिच्यासारखी गेली नाहीत त्यांनी बोलू नये. तिचा बाप स्टेपान पूर्वी टपालाचं विमान उडवायचा. उतरला रे उतरला की गरम आहे तोवर इंजिनाचं सगळं तेल चरबीच्या डब्यात काढायचा आणि डबा घरी. शेगडीशेजारची उबदार जागा त्या डब्याची. घरात तान्हं मूल असलं तरी जागा डब्याचीच. सकाळी तेल तापवून पुन्हा इंजिनात ओतायचं. थंड तेलावर त्याने आयुष्यात कधी इंजिन चालू केलं नाही, हे कबूल. पण घरातल्या पावाला तेलाचा वास, चहाला तेलाचा वास, चर्चमध्ये घालायच्या झग्याला तेलाचा वास. "तुझ्या बापाचं लग्न त्या डब्याशीच लावायला हवं होतं," आई म्हणायची. शाळेत मुली नाक धरून मत्रोनापासून लांब बसायच्या. तेव्हापासून तिने ठरवलं होतं, तेल जिथे असायला हवं तिथेच असेल. एक थेंब बाहेर दिसला तरी तिला शिसारी यायची.

बापाकडून तिने एक गोष्ट मात्र घेतली. चिकटपट्टी लावली की टोक दुमडायचं. इथल्या थंडीत हातमोजा काढायचा म्हणजे बोटांशी वैर. टोक आतल्या बाजूला दुमडून त्याचा छोटा तिकोन केला की जाड हातमोज्याच्या चिमटीत सापडतो, ओढली की पट्टी निघते. तिकोन म्हणजे तिकोन. पट्टीचा नुसता तुकडा उलटा घडी घालणारे आळशी. आणि बाई डावखुरी, त्यामुळे तिचा तिकोन नेहमी डाव्या टोकाला. वीस वर्षं ती गाव्रीलला हे शिकवत होती. नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि तो हिच्या घरी आला, तेव्हापासून. एकदा, फक्त एकदा जरी या मुलाने पट्टीचं टोक दुमडलं असतं तर तिने नवस फेडला असता.

आता तेल गार करणाऱ्या जाळीकडे वळायचं होतं. हिवाळ्यात त्या जाळीवर पत्रा लावतात, वारा अडतो, तेल जरा तरी ऊब धरतं. पत्रा लावलाच नसणार, अशी तिची खात्री होती. पण पत्रा होता. नीट बसवलेला होता. चारी कडांना रुपेरी चिकटपट्टी, आणि चारी टोकं सपाट, पत्र्याला घट्ट बसलेली.

"बघा! बघा हे ध्यान!" पत्रा नीट आहे का ते बघायला एक कड सोडवावी लागणार होती. हातमोज्याने ती हाताला लागेना. मोजा काढून नखाने खरवडायला गेली तर नख मुळापासून मोडलं. मत्रोना कळवळली. मग तिने गाव्रीलला, त्याच्या बापाला, आणि चिकटपट्टी ज्याने शोधून काढली त्याला एका दमात शिव्या घातल्या. पत्रा ठीक होता, हे तिला अजिबात आवडलं नाही.

तेवढ्यात शेडचं दार करकरलं आणि गाव्रील आत आला. एका हातात चहाची बाटली, दुसऱ्या हातात चरबीत फेटलेल्या रानफळांचा झाकलेला वाडगा. केस तेल लावून चोपलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. सूर्य आत्ता कुठे क्षितिजावर डोकावला होता, पण याला चष्मा हवा.

"मावशी, थोडं खाऊन घे. अकुताक आणलंय. येफिमच्या घरी तारा आला होता, सगळ्यांना वाटलं."

"ने ते इथून. चरबी बघूनच ओकारी येतेय मला." तिने झाकण त्याच्या नाकासमोर नाचवलं. "हे बघितलंस? ओळखतोस काय आहे? तुझे रविवार आहेत हे! साचवून ठेवलेत सगळे!"

"हो मावशी."

"हो मावशी! पोपट पाळला असता तर चार शब्द जास्त बोलला असता. फादर मेले असते तर? त्या माणसाच्या गळ्यात हात बांधलाय, ताऱ्यापुढे क्रूससुद्धा डाव्या हाताने धरतोय. लाज वाटते का काही?"

"फादर म्हणाले, मत्रोनाला सांग, माझा कुणावर राग नाही."

"त्यांचा राग कोण विचारतंय! माझा आहे ना!"

गाव्रीलने वाडगा बाकावर ठेवला. एरवी तो भांडला असता. लहानपणापासून दोघांचं जमायचं ते भांडूनच. आज मात्र तो इंजिनाच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला, नेमका तिच्या वाटेत.

"मावशी, मी काय म्हणतो. आता बघायचं काही राहिलं नाहीये. नळीच्या तोंडात बर्फाचं बूच आहे, ते मी नदीवरच बघितलं. तेल कोमट, वाफ जास्त, तोंड गोठलं. झालं. माझी दहा मिनिटं लिही आणि सही कर. मी साहेबापुढे कबूल करतो."

"काय बघायचं ते तू शिकवणार मला?"

"शिकवत नाही. नुसतं सांगतोय. गुडघे दुखतात ना तुझे, कशाला खाली वाकतेस?"

मत्रोनाला आता खरी किळस आली ती त्याची. चूक केलीस तर केलीस. पण असं ओल्या पोत्यासारखं उभं राहून 'लिही, सही कर'? माझ्या हाताखाली वाढलेल्या मुलाला पाठीचा कणा म्हणून नाही?

"मेल्या, भांड तरी! एक शब्द बोल! काचेतून दिसत नसताना विमान उतरवलं ते कुणी, तुझ्या भुताने? आणि आता शेपूट घालतोस? चल, हो बाजूला. बाहेर हो म्हणते ना! तुझ्या डोक्याच्या तेलाचा वास येतोय, तेही इंजिनाचंच लावलंस वाटतं."

तो बाहेर गेला. वाडगा तिथेच राहिला.

मत्रोना कण्हत कण्हत गुडघ्यांवर बसली. विमानाच्या पोटाखाली श्वासनळीचं तोंड दिसत होतं, अंगठ्याएवढ्या जाडीची रबरी नळी. इंजिनाच्या पोटातली वाफ तिच्यातून बाहेर सुटते. तोंडात खरंच बर्फाचं बूच होतं, मेणबत्तीच्या बुडख्यासारखं. बरोबर. पण हेच तर तिला सकाळपासून खटकत होतं. कडक थंडीत ते तोंड गोठतंच. म्हणून तर वर, इंजिनाच्या उबेत, त्या नळीला एक बारीक चीर पाडलेली असते. आमच्याकडे तिला शिट्टी म्हणतात. खालचं तोंड गोठलं तर इंजिनाने शिट्टीतून श्वास घ्यायचा. शिट्टी उघडी असेल तर आत दाब साठायचाच नाही, आणि कडं उडायला काही कारणच नाही. तेलात साका असो, नाहीतर अख्खी नदी असो.

मग कडं उडालं कसं?

तिने टॉर्च वर फिरवला. नळी कुठे वळते, कुठे पट्ट्याने बांधली आहे, बोटाने चाचपत वर गेली. आणि सापडलं. शिट्टीवर चिकटपट्टी होती. मूळची रुपेरी, तेलाने काळवंडलेली, छान गुंडाळलेली, वर एक सुरकुती नाही.

"अरे हरामखोरा!"

तिच्या आवाजाने पत्रे वाजले. शिट्टीतून तेलाचा बारीक फवारा उडतो, इंजिनावर चिकटा धरतो, आणि या नटव्याला इंजिन आरशासारखं हवं! येणाऱ्या-जाणाऱ्याला झाकण उघडून दाखवायला हवं! म्हणून इंजिनाचं नाकतोंड दाबून धरलंस? म्हणूनच वाटेत उभा राहिला होतास. म्हणूनच 'वाकू नकोस मावशी'. खरं सांगायचं तर आत कुठेतरी तिला बरंही वाटत होतं. आता वाक्य आणखी पक्कं झालं होतं. दोष वैमानिकाचा, जाणूनबुजून.

काही काढू नका, असं साहेब म्हणाला होता. कोण ऐकतंय! तिने जाड हातमोज्याच्या चिमटीत पट्टी धरली आणि ओढली. पट्टी सरळ निघून आली.

सरळ निघून आली.

मत्रोनाने टॉर्च जवळ आणला. पट्टीच्या डाव्या टोकाला छोटासा तिकोन होता. आतल्या बाजूला दुमडलेला, कडेला कड जुळवलेला.

तिला ऑगस्ट महिना आठवला. इंजिन कुठून तरी गळत होतं. तिने ते धुऊन लख्ख केलं, तर शिट्टीच्या फवाऱ्याने पुन्हा सगळं बरबटलं. गळती कुठली आणि फवारा कुठला, कळेना. शी, काय हा राडा, म्हणत तिने दोन दिवसांपुरती शिट्टीवर पट्टी मारली होती. गळती सापडली, एका झाकणाखालचा कागद सडला होता, तो बदलला. त्याच दिवशी नदीला सामन मासे लागले. सगळं गाव सुऱ्या घेऊन नदीवर, आणि हीसुद्धा. मासे चिरण्यात आठवडा गेला. पट्टी राहिली.

आणि ऑक्टोबर? ऑक्टोबरात दरवर्षी ती प्रत्येक विमान हिवाळ्यासाठी तपासते, यादीवर एकेक खूण करते. 'श्वासनळी व शिट्टी'. तिथे तिने खूण केली होती. बघायला खाली वाकावं लागतं. गुडघे दुखत होते. आणि आपल्याच हातचं इंजिन, त्यात बघायचं ते काय! न बघता खूण केली आणि खाली सही. नोव्हेंबर-डिसेंबर यंदा मऊ गेला, नळीचं तोंड उघडं राहिलं, म्हणून इतके दिवस निभावलं.

तिला स्वतःचीच किळस आली. साक्याची येते तशी नव्हे. आयुष्यभर ती लोकांच्या घाणीला नावं ठेवत आली होती. अमका गलिच्छ, तमका आळशी, ह्याच्या इंजिनात हात घालवत नाही. आणि एक माणूस बर्फात मरता मरता वाचला तो हिच्या स्वच्छतेपायी. ती थुंकली. थुंकी जमिनीवर पडताच गोठली.

शेडच्या कोपऱ्यात फळ्या ठोकून केलेली एक खोली होती. तिथे शेगडी असायची, तेलाचे डबे उबेला ठेवलेले असायचे; ऊब फळ्यांबाहेर जात नसे. मत्रोना तिथे गेली. शेगडीचं दार उघडलं. आत लाकडं लालभडक. पट्टी अजून चिमटीत होती. एवढीशी तर होती. टाकली असती तर दोन क्षणांत चुरमडून गेली असती. मग राहिला फक्त साका, आणि रविवारची दहा मिनिटं, आणि स्वतःहून कबूल करणारा एक गाढव. कुणाला कळणार होतं?

हा विचार तिने पुरता केला, अर्ध्यावर सोडला नाही. म्हणूनच पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःचं तोंड आरशात बघवलं नाही.

पण विचार करता करता तिचं लक्ष पट्टीच्या वरच्या बाजूला गेलं. पट्टी तेलाने काळी झालेली. फक्त तिकोनाजवळची जागा पुसलेली होती. कुणीतरी अंगठ्याने पुसून बघितलं होतं, नीट, दोनदा. तेलात अंगठ्याचे वळसे उमटले होते, मोठ्या, रुंद अंगठ्याचे.

त्याने बघितलं होतं. नदीवरच. तिकोन ओळखला होता, पण पुराव्याला हात लावायची छाती झाली नसणार, पट्टी होती तशी ठेवली होती. नंतर तीन दिवस तिच्या शिव्या खात "हो मावशी, हो मावशी" करत राहिला होता. अकुताक घेऊन आला होता. गुडघे दुखतात ना तुझे.

"मला झाकतोस?" ती शेगडीला म्हणाली. "मला? तुझं शेंबडं नाक पुसलं या हातांनी, आणि आता तू मला पोटाशी धरणार?" तिला कुणी कीव केलेली चालत नसे. डोळ्यांत पाणी आलं त्याचीही तिला चीड आली. तिने शेगडीचं दार लाथेने बंद केलं.

लिंडक्विस्ट आला तेव्हा त्याच्या मिशांना बर्फ लोंबत होता. उंच, सभ्य माणूस. आधी चहा प्यायला, मग विमानाभोवती फिरून बघितलं, फोटो काढले, साका बघून "अरेरे" म्हणाला, आणि खोलीत येऊन बाकावर बसला. मांडीवर कागद. गाव्रील दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता.

"सगळं स्पष्ट दिसतंय, मत्रोनाबाई," इन्स्पेक्टर म्हणाला. "तेलात पाणी आहे. वैमानिक इंजिन जमिनीवरच चालवायचा, हे तो स्वतः सांगतो. शिट्टी तुम्ही ऑक्टोबरात तपासली होती, ही तुमची खूण, ही सही. आत्ता मी बघितली, उघडीच आहे. तरी कडं उडालं हे जरा विचित्रच, पण..."

"ती खूण खोटी आहे," मत्रोना म्हणाली.

"काय?"

"बघितलंच नव्हतं मी. न बघता खूण केली. आणि शिट्टी उघडी नव्हती, मी आज उघडली." तिने हातमोज्यातून पट्टी काढून त्याच्यापुढे टाकली. "ही होती तिच्यावर. ऑगस्टपासून. मी लावलेली."

लिंडक्विस्टने कपाळाला हात लावला. "काढू नका म्हणालो होतो ना मी!"

"म्हणाला होतात. चुकलं. तेही लिहा."

"साहेब, ती मी लावली," दारातून गाव्रील म्हणाला.

मत्रोनाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "खोटं बोलतोय."

"मीच लावली. इंजिन घाण होत होतं म्हणून. मावशीला काही माहीत नाही. ती म्हातारी झाली, तिला वाटतंय तिने लावली."

"म्हातारी तुझी सासू!"

"बाई, जरा थांबा," इन्स्पेक्टर म्हणाला. त्याने पट्टी उलटसुलट करून बघितली. "चिकटपट्टी काय, कुणीही लावेल. दोघंही 'मी लावली' म्हणता. मी कुणाचं लिहू? लायसनचा प्रश्न आहे. याचं नाहीतर तुमचं."

मत्रोनाने खिशातून पट्टीचा रोल काढला आणि गाव्रीलच्या अंगावर फेकला. त्याने झेलला.

"लाव," ती म्हणाली. "तूच लावलीस ना? साहेबाला लावून दाखव. बाकाच्या पायाला लाव. अगदी अशी."

गाव्रीलने रोलकडे बघितलं, मग बाकावरच्या त्या पट्टीकडे. तिकोनाकडे. हातमोजे काढले, एक तुकडा तोडला आणि टोक दुमडायला लागला. वीस वर्षांत पहिल्यांदा. आधी सरळ घडी घातली, ती नव्हे म्हणून सोडवली. मग कोपरा वळवला तर तो अंगठ्याला चिकटला. अंगठा सोडवला तर तर्जनीला. उजव्या टोकाला काहीतरी चुरगळलेलं तयार झालं, नाकातून काढलेल्या मेकडासारखं. त्याचे कान लाल झाले होते. चौथ्या वेळी पट्टी स्वतःलाच चिकटली आणि तिचा बोळा झाला.

शेगडीत एक लाकूड फुटलं.

"वीस वर्षं शिकवतेय या गाढवाला," मत्रोना म्हणाली. "वीस वर्षं! नखं गेली माझी. हे बघा आज सकाळचं." तिने मोडलेलं नख इन्स्पेक्टरच्या डोळ्यांपुढे धरलं. "गार जाळीवरच्या पत्र्याला याने लावलेल्या पट्ट्या आहेत, जाऊन बघा. एक टोक दुमडलेलं असलं तर मी शेडला काडी लावते. आणि आता हे बघा." तिने रोल ओढून घेतला, डाव्या हाताने तुकडा तोडला आणि बघायच्या आत बाकाच्या पायाला तिकोनासकट पट्टी लागली. हातमोजासुद्धा काढला नाही.

लिंडक्विस्ट वाकला. ही पट्टी, ती पट्टी. मग त्याने मान वर केली.

"तुमचं लायसन जाईल, बाई."

"जाणारच. मीच दिलं नसतं मला. पण याचे रविवारही लिहा, सोडू नका त्याला फुकट. दम भरा चांगला."

"मावशी," गाव्रील म्हणाला. "कशाला केलंस हे? लायसन गेलं तर तू काय करणार?"

"आणि तू काय करणार होतास? माझ्या घरी बसून पीत राहणार होतास, आणि मी रोज तुझं तोंड बघणार होते? शी! त्यापेक्षा मरण बरं. आणि खोटं बोलायचं तर आधी शिकून तरी यायचं! माझी लाज काढलीस साहेबापुढे. माझ्या घरात वाढलेला पोरगा, साधा तिकोन येत नाही!"

इन्स्पेक्टरने दोन्ही पट्ट्या कागदावर शेजारी शेजारी चिकटवल्या, खाली लिहिलं आणि तिची सही घेतली. या वेळी मत्रोनाने सही करण्याआधी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढलं. मग तो बाहेर विमानाकडे गेला, त्याला अजून मोजमापं घ्यायची होती.

पलीकडच्या घरातून तारा घेऊन निघालेल्यांचं गाणं ऐकू येत होतं. मत्रोनाने शेडमधल्या बाकावरचा अकुताकचा वाडगा आत आणला, एक घास खाल्ला. थंडीने घट्ट झालं होतं, चरबी दाताला चिकटत होती. तरी तिने दुसरा घास घेतला.

"शहरातला मिस्त्री महिन्यातून एकदा येईल," ती म्हणाली. "मधल्या दिवसांत पत्रे लावणं, नळीचं तोंड बघणं, शिट्टी बघणं, हे तुलाच करायचंय. मला आता हात लावता येणार नाही. बस इथे."

गाव्रील बसला. तिने रोल त्याच्या हातात दिला.

"तोड. लांब नको, वीतभर. आता आधी टोक. कोपरा आत घे. आत म्हणते ना, तुझा आत म्हणजे बाहेर आहे का? आता कड जुळव."

त्याने जुळवली. तिकोन झाला खरा, पण एक बाजू लांब, एक आखूड.

मत्रोनाने वाकून बघितलं, नाक मुरडलं. "शी," ती म्हणाली. "काढ ती. दुसरी तोड."